तुमच्या नकाशात तळ्यांचे वय कुठे आहे?

प्रति,
संरक्षित क्षेत्रांचे आराखडे करणाऱ्या सर्व समित्या, सल्लागार आणि अधिकारी

विषय: उभयचरांची जनुकीय विविधता आणि जुने हवामान यांना आराखड्यात जागा मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला जैवविविधतेचा जो जागतिक आराखडा मान्य झाला, त्यातले तिसरे लक्ष्य तुम्हाला तोंडपाठ असेल: २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि पाणी संरक्षणाखाली आणायचे. चौथे लक्ष्य मात्र बैठकांमध्ये घाईघाईत वाचले जाते. प्रजातींच्या आतली जनुकीय विविधता टिकवणे आणि गेलेली परत उभी करणे, असे त्यात म्हटले आहे. तिसऱ्या लक्ष्याचा नकाशा काढता येतो, त्यात रंग भरता येतो, टक्के मोजता येतात. चौथ्याला रंग कोणता द्यायचा हेच कळत नाही, म्हणून ते परिशिष्टात जाऊन बसते. हे पत्र त्या परिशिष्टासाठी आहे.

काही काळापूर्वी अशाच एका बैठकीत मी हजर होते. पडद्यावर दोन तळी होती. एक उंचावरच्या मोकळ्या पठारावर, दुसरे खाली दरीच्या तोंडाशी. दोन्हींत एकाच प्रजातीचा बेडूक, म्हणून दोन्हींवर सारखाच हिरवा ठिपका. हद्द आखताना त्यातले एक सोडावे लागणार होते. कुणीतरी विचारले, "दोन्हीकडे बेडूक तोच ना? मग कोणतेही धरले तरी काय बिघडते?" प्रश्न प्रामाणिक होता. उत्तराला मला चार मिनिटे हवी होती, मिळाली दीड. उरलेली अडीच मिनिटे आज सवडीने घेते आहे.

कूपमंडूक हा शब्द आपण टोमणा म्हणून वापरतो. विहिरीबाहेरचे जग ज्याने पाहिले नाही, तो. उभयचरांच्या बाबतीत हे वर्णन बरेचसे खरे आहे, आणि नेमके त्यामुळेच ते अभ्यासणाऱ्याच्या उपयोगी पडतात. त्यांची कातडी पातळ आणि ओलसर असते. श्वासाचा मोठा भाग तिच्यातून चालतो, काही सॅलॅमँडरना (शेपटीवाल्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरांना) तर फुप्फुसेच नाहीत. अंड्यांना कवच नसते. ऊन, वारा, कोरडी माती यांतले काहीही जिवावर बेतू शकते. अनेक प्रजाती विणीसाठी वर्षानुवर्षे त्याच पाण्याकडे परततात आणि बहुतेकांचे आयुष्य काहीशे मीटर ते फार तर काही किलोमीटरच्या परिघात संपते. पक्षी ज्या टेकडीवरून सहज उडून जातो, ती कोरडी टेकडी ओढ्यातल्या सॅलॅमँडरला समुद्राइतकी दुस्तर असते. म्हणून एखाद्या प्रदेशात पाऊस कधी आटला, जंगल कुठे तगले, बर्फ कुठवर आला याच्या खुणा उडणाऱ्या-धावणाऱ्या प्राण्यांत लवकर पुसट होतात आणि बेडकांत बऱ्याचदा जागच्या जागी राहतात.

त्या खुणा वाचायची रीत समजायला जुन्या पोथ्यांच्या नकलांचे उदाहरण घ्या. एखादी पोथी एकाच गावात शेकडो वर्षे हाताने उतरवली गेली, तर तिच्या प्रतींत पाठभेद साठत जातात. कुणाचा शब्द चुकतो, कुणाची ओळ बदलते, आणि सगळ्याच प्रती जपल्या गेल्याने ते फरकही जपले जातात. आता त्यातली एकच प्रत घेऊन कुणी दूरदेशी गेला आणि तिकडे तिच्या हजार नकला झाल्या, तर प्रती हजार, पाठ मात्र एकच. डीएनएचे तसेच आहे. बेडकाच्या तोंडातून कापसाच्या काडीने लाळ टिपली किंवा बेडूकमाशाच्या शेपटीचे टोक घेतले की त्या समूहात पाठभेद किती, ते एकमेकांपासून किती दूरचे, हे कळते. पाठभेद पुष्कळ आणि परस्परांपासून दूरचे असतील, तर समूह तिथे दीर्घकाळ आणि बऱ्या संख्येने राहिला असणार. सगळीकडे एकच पाठ असेल, तर तो अलीकडे आला असेल किंवा मधल्या काळात मरता मरता वाचला असेल. यातले नेमके काय घडले हे ठरवणे हा वेगळा आणि किचकट भाग आहे, त्यात शिरत नाही.

याचा सगळ्यात नीट अभ्यासलेला नमुना युरोपात आहे. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात होते. उत्तरेकडे किलोमीटर-किलोमीटर जाडीचे बर्फाचे थर होते, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. बेडूक, न्यूट (विणीसाठी पाण्यात उतरणारे सॅलॅमँडरचे भाऊबंद) आणि सॅलॅमँडर तगले ते मुख्यतः इबेरिया (स्पेन-पोर्तुगाल), इटली आणि बाल्कनच्या द्वीपकल्पांत, आणि काही कार्पेथियन डोंगरांच्या कुशीत. बर्फ हटला तसे ते उत्तरेला पसरले. पण पसरले म्हणजे सगळे मिळून उठून निघाले नाहीत. आघाडीवरच्या मूठभर बेडकांनी नवे तळे गाठले, त्यांच्या संततीतल्या मूठभरांनी पुढचे. दर टप्प्यावर काही पाठभेद मागे राहिले. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ गॉडफ्रे ह्युइट यांनी २००० साली 'नेचर'मध्ये ही सगळी मांडणी केली. तिचे सार असे की दक्षिणेत विविधता दाट, उत्तरेत विरळ.

मोठा तुरेवाला न्यूट घ्या. ब्रिटनपासून रशियापर्यंत तो आढळतो, म्हणजे नकाशा रंगवायला बसलात तर शाई संपेल. पण मायटोकाँड्रियाच्या डीएनएमध्ये, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएमध्ये, या अफाट मुलखात फरक फारच थोडे आहेत. मागोवा घेतला की वाट कार्पेथियनच्या परिसरातल्या आसऱ्यापाशी येऊन थांबते. क्षेत्रफळाने पाहिले तर तो कोपरा किरकोळ आहे. पाठभेदांनी पाहिले तर मूळ ग्रंथालय तिथेच आहे, बाकी सगळ्या शाखा.

इबेरियाच्या वायव्येला सोनेरी पट्ट्याचा एक सडपातळ सॅलॅमँडर ओढ्याकाठी राहतो, शास्त्रीय नाव कायोग्लॉसा लुसिटॅनिका. त्याचा प्रदेश इतका लहान की एका रंगात उरकावा असे कुणालाही वाटेल. पण मोंडेगो नदीच्या दोन्ही अंगांना त्याच्या दोन जुन्या वंशशाखा आहेत, आणि डोरो नदी ओलांडून उत्तरेला जावे तशी विविधता झपाट्याने घटते, कारण तिकडचे समूह अलीकडे पसरलेले आहेत. म्हणजे मोठ्या आसऱ्याच्या पोटात छोटे आसरे होते. 'इबेरिया हा आसरा' एवढे लिहून थांबलेली समिती यातला निम्मा वारसा हातचा घालवेल.

बर्फाची ही कथा ऐकून काही जण म्हणतात, आमच्या उष्ण प्रदेशाला त्याचे काय? उष्ण कटिबंधात बर्फ नव्हता, पण अनेक ठिकाणी पाऊस घटला आणि जंगले आक्रसली. इथे मला सगळ्यात आवडणारा अभ्यास ब्राझीलच्या अटलांटिक जंगलातला आहे. आना कार्नावाल, क्रेग मॉरिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी क्रम उलटा धरला. आधी डीएनए गोळा करून मग कारण शोधण्याऐवजी त्यांनी आजचे, ६,००० वर्षांपूर्वीचे आणि २१,००० वर्षांपूर्वीचे हवामान घेऊन, तिन्ही काळांत जंगल कुठे टिकून राहिले असते याचा नकाशा आधी बनवला. त्यात बाहिया राज्याच्या मध्यभागी एक मोठा स्थिर पट्टा दिसला, आणखी उत्तरेला पेर्नाम्बुकोत एक लहान. दक्षिणेकडचे जंगल मात्र आत-बाहेर होत राहिलेले.

मग पैज लावल्यासारखे त्यांनी तीन झाडबेडकांचे डीएनए तपासले. त्यातला एक लोहार बेडूक: नराचा आवाज हातोडीच्या ठोक्यासारखा, आणि तो पाण्याच्या कडेला चिखलाची वाटीसारखी तटबंदी करून तिच्यात घर थाटतो. तिघांचे स्वभाव वेगळे, पण पाठभेदांचा ढीग तिघांचाही स्थिर पट्ट्यात निघाला. दक्षिणेत फरक कमी आणि अलीकडे पसरल्याच्या खुणा. म्हणजे जुन्या हवामानाचा नकाशा हाताशी असेल तर डीएनए न तपासताही कुठे आधी पाहावे हे बऱ्यापैकी सांगता येते. तुमच्यासारख्या, वेळ आणि पैसा दोन्ही तुटपुंजे असणाऱ्या समित्यांसाठी याहून कामाची गोष्ट मला माहीत नाही. आणि दुःखाची गोष्ट ही की विविधतेचे हे कोठार निघालेला बाहियाचा पट्टा दक्षिणेच्या तुलनेत कमी अभ्यासलेला होता आणि जंगलतोड तिथेही थांबलेली नव्हती.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुम्ही उद्या 'स्थिर जंगल' असा एकच थर नकाशावर चढवून मोकळे व्हाल. वरचे तिन्ही बेडूक सखल, उबदार जंगलातली. थंडी मानवणाऱ्या, डोंगरमाथ्यावरच्या प्रजातींची गोष्ट अनेकदा उलट असते. हिमयुगात त्या खाली उतरल्या, ऐसपैस पसरल्या. आज हवा तापल्यावर शिखरांवर अडकल्या. आपण ज्याला सुकाळ म्हणतो तोच त्यांचा दुष्काळ. त्यांचा आसरा आजचा आहे, आत्ताचा आहे, आणि तो वरच्या बाजूने संपत येतो. म्हणून 'या प्रदेशातला आसरा कुठे' या प्रश्नाला एक उत्तर नसते. कुणाचा आसरा, असे विचारावे लागते.

अधिवासाचा प्रकारही आपला हिशेब वेगळा मांडतो. ईशान्य ऑस्ट्रेलियाच्या पावसाळी जंगलांत मॉरिट्झ आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हेच तपासले. ज्या बेडकांची पिल्ले पाण्यावाचून थेट अंड्यातून छोटे बेडूक होऊनच निघतात आणि जी पालापाचोळ्यातून फारशी हलत नाहीत, त्यांच्यावर जुन्या जंगलाच्या आक्रसण्याचा ठसा गडद. लांब जाऊ शकणाऱ्या प्रजातींवर तो फिका. डबके पावसाळ्यापुरते असेल तर बेडकाला दरवर्षी नवे शोधायची सवय असते, त्यामुळे समूह एकमेकांत मिसळतात. डोंगरातला बारमाही ओढा असेल तर तो घरकोंबडा होतो, आणि शेजारच्या दोन खोऱ्यांत दोन वंश नांदतात. पाणी नुसते 'आहे' म्हणून भागत नाही. ते कसे आहे आणि कधीपासून आहे, हे दोन्ही लागते.

त्याच जंगलात हिरव्या डोळ्यांचा एक झाडबेडूक आहे. जंगल आक्रसले तेव्हा त्याच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन शाखा अलग पडल्या, आणि जंगल पुन्हा वाढल्यावर काही हजार वर्षांपूर्वी एकमेकींना भेटल्या. एका जागी दक्षिणेच्या शाखेचा एक लहानसा समूह उत्तरेच्या शाखेने वेढला गेला. संकर बऱ्याचदा फसत होते, तेव्हा त्या माद्या नराच्या आवाजाबाबत चोखंदळ होत गेल्या, आवाज वेगळे झाले, आणि तो समूह वेगळी प्रजाती होण्याइतका दूर गेला. २००५ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले, २००७ मध्ये त्या बेडकाला लिटोरिया मायोला हे नाव मिळाले. त्याआधीच्या कुठल्याही आराखड्यात तो 'हाच बेडूक बाजूला भरपूर आहे' या सदरात बसला असता.

आता ज्या प्रकरणाने मला खरे तर हे पत्र लिहायला बसवले त्याकडे येते. ब्रिटनमध्ये पूर्वेच्या, नॉरफोककडच्या पाणथळ भागात पूल फ्रॉग नावाचा बेडूक होता. एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांनी युरोपातून पाणबेडूक आणून तिथे सोडले होते, ही नोंद पक्की. त्यावरून समजूत झाली की तिथले सगळेच पूल फ्रॉग उपरे. उपऱ्यांसाठी कोण आराखडा करतो? पाणथळी आटत गेल्या, बेडूक कमी होत गेले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर शेवटचा ज्ञात समूह नाहीसा झाला.

त्यानंतर पुरावे जमले. डीएनएने सांगितले की नॉरफोकचे ते बेडूक फ्रान्स-इटलीकडच्यांचे भाऊबंद नव्हतेच. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या उत्तरेकडच्या शाखेचे होते. नरांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणांनी तेच सांगितले. जुन्या उत्खननांत सुमारे हजार वर्षांपूर्वीची त्यांची हाडे मिळाली. म्हणजे समुद्र चढून ब्रिटन बेट होण्यापूर्वी ते स्वतःच्या पायांनी आले होते. हे सिद्ध होईपर्यंत जपायला काही उरले नव्हते. २००५ पासून स्वीडनहून बेडूक आणून नॉरफोकात पुन्हा सोडले गेले. ते तगले, आनंद आहे. पण ब्रिटनची मूळ प्रत गेली ती गेलीच.

या प्रकरणात एक गोम आहे आणि ती माझ्याच युक्तिवादाच्या विरुद्ध जाते, म्हणून लपवत नाही. उत्तरेकडच्या या शाखेत जनुकीय विविधता कमी आहे. केवळ पाठभेद मोजून क्रम लावला तर ती यादीत तळाला जाईल. तरीही तो पाठ दुसरीकडे कुठे नाही, आणि थंड प्रदेशात तग धरून राहिलेला आहे. तेव्हा माझे म्हणणे 'जिथे आकडा मोठा तिथेच कुंपण घाला' असे समजू नका. आकड्यामागचा इतिहास विचारा, एवढेच. एका जागेचे मोल तिथल्या पाठभेदांच्या गर्दीत असते, दुसरीचे एकुलत्या एक वेगळ्या पाठात. दोन्हींना एकच हिरवा ठिपका देणारा नकाशा दोन्हींवर अन्याय करतो.

तुमच्या आराखड्यांतला आवडता शब्द म्हणजे कॉरिडॉर. जोडा, जोडा, जोडा. रस्त्याने किंवा शेतीने गेल्या पन्नास वर्षांत तोडलेली तळी जोडलीच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण काही तुटी निसर्गाच्या आणि फार जुन्या असतात. पश्चिम घाटातली पालघाटची खिंड साधारण ३० किलोमीटर रुंद आहे, आणि तिच्या दोन बाजूंच्या झाडबेडकांच्या अनेक वंशशाखा वेगळ्या आहेत. ती तूट दुरुस्त करायची नसते. मध्य युरोपात लाल पोटाचा आणि पिवळ्या पोटाचा असे दोन टोड (खरखरीत कातडीचे बेडूक) आहेत, पहिला सखल तळ्यांतला, दुसरा डोंगराळ भागातल्या डबक्यांतला. हिमयुगात ते वेगळ्या आसऱ्यांत होते. आज जिथे भेटतात तिथे पोलंडमध्ये जेमतेम सहा किलोमीटर रुंदीचा संकरपट्टा आहे. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला पिवळा, मधे मिश्र. सखल तळी बुजवून सगळीकडे उथळ डबकी केलीत, किंवा उलट केलेत, तर तो पट्टा कुणाच्या बाजूने सरकेल हे अधिवास ठरवेल. आणि पिल्ले वाढवून सोडण्याचा उत्साह असणाऱ्यांनी तर इथे हात आखडताच घ्यावा. चांगल्या हेतूने एका खोऱ्यातली अंडी दुसऱ्या खोऱ्यात टाकली की लाखो वर्षांचे पाठभेद एका बादलीत कालवले जातात.

बंदिवासातल्या पैदाशीवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी एक जाता जाता: जगभरच्या प्रयोगशाळांत आणि काचेच्या टाक्यांत असंख्य ॲक्सोलॉटल (मेक्सिकोतला, जन्मभर पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर) आहेत, आणि त्यांतले बरेचसे १८६३-६४ च्या सुमारास मेक्सिकोहून पॅरिसला पाठवलेल्या ३४ प्राण्यांच्या वंशातले. जंगली ॲक्सोलॉटल सोचिमिल्कोच्या कालव्यांत कसाबसा तग धरून आहे. नकला अमाप, मूळ ग्रंथ वाळवीच्या तोंडी.

मॉन्ट्रियलच्या आराखड्यात जनुकीय विविधतेसाठी एक निर्देशक आहे, तो तुम्ही वापरायला लागला आहात: ज्यांची परिणामी संख्या ५०० हून अधिक आहे असे समूह किती टक्के. निर्देशक असणे चांगलेच. पण बेडकांच्या बाबतीत तो फसवतो. परिणामी संख्या म्हणजे पुढच्या पिढीला खरोखर वारसा देणाऱ्यांचा हिशेब. एक मादी हजारो अंडी घालते. तळे काळ्या बेडूकमाशांनी खदखदत असले तरी ती चार-पाच जोड्यांची संतती असू शकते. डीएनए नसेल तर प्रत्यक्ष मोजदादीच्या एक दशांश धरा असा ठोकताळा आहे. शितावरून भाताची परीक्षा करायची ही रीत बेडकांपुढे लटकी पडते. शिवाय हा निर्देशक सगळ्या समूहांना सारखेच मत देतो. अलीकडे पसरलेल्या समूहांनी भरलेला प्रदेश आणि जुन्या आसऱ्यातला एकुलता समूह, दोघांचे वजन सारखे कसे?

आणखी एक धोका वेळेचा. जनुकीय विविधता हा मागच्या हवामानाने जमवलेला ठेवा आहे. जंगल आज तोडले म्हणून उद्या पाठभेद कमी झालेले दिसत नाहीत. पिढ्या उलटाव्या लागतात. त्यामुळे तुकडे-तुकडे झालेल्या रानातले नमुने आजही उत्तम आकडे दाखवू शकतात, आणि तुम्ही अहवालात 'स्थिती समाधानकारक' असे लिहू शकता. ते समाधान पूर्वजांच्या कमाईवर चाललेले असते.

"पण विविधता असली-नसली तर होते काय?" हा प्रश्न येणारच. ॲरिझोनातल्या सखल भागातल्या बिबळ्या बेडकावर प्रयोग झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. उभयचरांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीची लागण केल्यावर कोण जगते आणि कोण मरते याचा संबंध रोगप्रतिकाराच्या जनुकांशी निघाला; त्या जनुकाचे दोन वेगवेगळे पाठ बाळगणारे बेडूक जास्त जगले. याच बुरशीने जगभरात ५०० च्या आसपास प्रजातींना फटका दिला आहे आणि त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्या, असे २०१९ चा एक मोठा आढावा सांगतो. उलट उदाहरणही आहे. १९३५ मध्ये हवाईहून १०१ केन टोड क्वीन्सलँडला नेले, एवढ्याशा भांडवलावर त्यांनी उत्तर आणि पूर्व ऑस्ट्रेलियाचा मोठा भाग व्यापला. म्हणजे विविधता कमी म्हणून मरण ठरलेलेच, असे नाही. पण आपल्या हाती असलेल्या यादीत केन टोड थोडे आणि बिबळे बेडूक फार आहेत. २०२३ च्या जागतिक आढाव्यात ८,०११ उभयचर प्रजाती तपासल्या, त्यातल्या ४१ टक्के धोक्यात निघाल्या.

तर मग तुमच्याकडून काय हवे? पहिले म्हणजे नकाशावर जुन्या हवामानाचा एक थर. ६,००० आणि २१,००० वर्षांपूर्वीच्या हवामानाची प्रतिमाने (संगणकी मॉडेल्स) मोफत मिळतात, ती चालवायला साधा संगणक पुरतो. कोणता अधिवास कुठे सलग टिकला असावा याचा अंदाज उबदार जंगलातल्या प्रजातींसाठी वेगळा आणि शिखरांवरच्यांसाठी वेगळा काढा. अंदाज चुकतील, म्हणून त्यावर नमुने घ्या. काडीने लाळ टिपायला प्राणी मारावा लागत नाही. संग्रहालयांत अल्कोहोलमध्ये ठेवलेले जुने बेडूकही बोलके असतात, ते मागवा. बेडकांचे आणि सॅलॅमँडरचे पूर्ण जनुकसंच वाचणे अजून खर्चिक आहे हे मान्य; ॲक्सोलॉटलचा जनुकसंच माणसाच्या दसपट मोठा आहे आणि तो २०१८ मध्ये कुठे हाती आला. पण तुमच्या कामाला पूर्ण ग्रंथ लागत नाही, काही पाने पुरतात.

हद्द आखताना उतार तोडू नका, ही माझी सगळ्यात आग्रहाची विनंती. डोंगरात दीडशे मीटर चढले की हवा साधारण एक अंशाने थंड होते. सपाटीवर तेवढ्याच गारव्यासाठी शंभर-दीडशे किलोमीटर जावे लागते. ते बेडकाला जमत नाही, दीडशे मीटर जमतात. जुने आसरे बरेचसे अशाच जागी होते, जिथे थोडे वर-खाली झाले की भागत होते: दऱ्या, झरे, धुक्याचे कडे. तुमच्या हद्दी मात्र समोच्च रेषेवरून जातात, कारण मोजणीला सोपे पडते. माथा आत, पायथा बाहेर.

आणि प्रजातीच्या क्षेत्राची मागची कड, जिथे हवा तापते आहे आणि समूह आटत आहेत, तिला 'असेही जाणारच' म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा तीच जुन्या आसऱ्याची जागा असते.

त्या बैठकीतल्या दोन तळ्यांपैकी पठारावरचे हद्दीत घेतले गेले, कारण तिथे वाहन जाते. दरीतले बाहेर राहिले. त्या दरीत झरा आहे, वर्षभर ओल असते, आणि भोवतालच्या पठारावरचे जंगल किती वेळा आले-गेले याचा पत्ता तिथे लागण्याची शक्यता मला बरीच वाटते. पण ही शक्यताच आहे. नमुना कुणी घेतलेला नाही. मसुदा अंतिम व्हायच्या आत त्या तळ्यावर दोन रात्री काढायला परवानगी द्यावी. काड्या, कुप्या आणि विजेरी माझ्याकडे आहेत.

आपली विश्वासू,
ओल्या रात्री बेडूक मोजणारी एक अभ्यासक